बारा पैसे आगाऊ

कॅलेंडर फ्रिज आणि भिंत यांच्या फटीत उभं खोचलेलं होतं. घाईत खोचलं असणार, कारण खालचा कोपरा दुमडून बाहेर आला होता आणि त्यावर दुधाच्या हिशोबाच्या निळ्या फुल्या दिसत होत्या. समोरच्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, एक खिळा. नुसताच. त्याच्या खाली रंगावर बारीकसा अर्धगोल ओरखडा उमटला होता. खिडकीतून वारा आला की कॅलेंडर हलत असणार आणि त्याची कड भिंतीला घासत असणार. म्हणजे ते तिथे काल-परवा लागलेलं नव्हतं. सात महिने होतं. मी बेल वाजवल्यावर उतरलं.

बेल वाजवली तेव्हा आतून पोराचा आवाज आला होता, "आई, मालकीण काकू आल्या!" मग काहीतरी खसखसलं, खुर्ची सरकली, आणि दार उघडलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, "या की काकू. बसा, च्या टाकते." मी गेले होते न्हाणीघर बघायला. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली होती आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचे तीन फोन येऊन गेले होते. ओल बघितली, नळाखालच्या फरशीवर टकटक करून पोकळ आवाज ऐकला, आलं घातलेला चहा प्यायले, पोराला कितवीत आहेस विचारलं आणि निघाले. खिळ्याबद्दल ती बोलली नाही, मीही बोलले नाही. पण माझी नजर तिथे गेलेली तिने बघितली आणि तिने बघितलेलं मला कळलं. एवढंच झालं. धायरी फाट्याच्या गर्दीत स्कूटर हातभर पुढे सरकत होती आणि माझ्या डोक्यात ते कॅलेंडर अडकून बसलं होतं.

जाऊन सांगावं का, की लावा हो कॅलेंडर, माझी काही हरकत नाही? पण तसं सांगायचं म्हणजे मी बघितलं हे सांगण्यासारखं. आणि करारनाम्यात तर लिहिलेलं होतं: 'भिंतींना खिळे ठोकू नयेत.' ती ओळ माझी नव्हती. एजंटच्या लॅपटॉपमध्ये तयार मसुदा असतो, त्यात अशा वीस-बावीस ओळी असतात. मी सही केली, सॉरी, अंगठा दिला; वाचल्या नव्हत्या. तिने मात्र वाचल्या होत्या.

मी मालकीण झाले ती ४८ हजार रुपये वाचवण्यासाठी, हेही सांगून टाकते. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पुण्यात एरवी सगळं धरून ७ टक्के बसतात, माझ्या नावावर ६ बसले. फ्लॅट ४८ लाखांचा, जुना, रीसेलचा. त्यामुळे कागदोपत्री घर माझं, कर्ज दोघांचं आणि निर्णय खरं तर नवऱ्याच्या ऑफिसातल्या डब्याच्या वेळेचा. तिथे कुणीतरी म्हणालं होतं, "दुसरा फ्लॅट घेऊन टाका, भाड्यातून हप्ता निघतो." हे वाक्य पुण्यात इतक्या ठिकाणी, इतक्या खात्रीने म्हटलं जातं की त्यातला आकडा तपासायचं कुणाला सुचत नाही. आम्हालाही सुचलं नाही. बँकेने ३८ लाख दिले. तीस लाखांच्या वरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देतात, उरलेलं आपलं. आणि मुद्रांक, नोंदणी, दलाली हे सगळं त्या किमतीच्या बाहेर. हप्ता साडेतेहतीस हजारांच्या वर. भाडं साडेपंधरा हजार. हप्ता निघतो खरा, पण निम्म्याहून जास्त आमच्या पगारातून निघतो.

पहिलं वर्ष संपल्यावर एका रविवारी मी वहीत हिशोब मांडला. बारा महिन्यांचं भाडं १ लाख ८६ हजार. त्यातून सुरुवातीला दीड महिना घर रिकामं होतं, ते गेले. सोसायटीचा मेंटेनन्स गेला. त्यावर घर भाड्याने दिलंय म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, तो मात्र सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे किरकोळ. एजंटला पंधरा दिवसांचं भाडं. पालिकेचा मिळकतकर. आपण स्वतः राहत असलो तर पुण्यात ४० टक्के सवलत आहे, भाड्याने दिलं की ती नाही. ("कोण बघायला येतंय मॅडम, पीटी-३ भरून टाका," म्हणजे आपण स्वतःच राहतो असा अर्ज, असं एजंट म्हणाला होता. नाही भरला. प्रामाणिकपणा वगैरे नव्हे, भीती.) उरले १ लाख १७ हजार आणि काही. घरात आमचे सगळे मिळून ५२ लाख घातलेले, त्यावर सव्वादोन टक्के. आणि बँक माझ्याकडून घेते पावणेनऊ. ही वजाबाकी मी तीनदा केली, मग वही मिटून दडपे पोहे करायला गेले. नवरा म्हणाला, "किंमत वाढेल ना घराची." वाढेलही. पण महिन्याच्या पाच तारखेला मोबाईल वाजून साडेपंधरा हजार जमा झाल्याचा मेसेज येतो, तेव्हा मला अजून जो एक बारीक आनंद होतो, त्याचा या वहीशी काही संबंध नाही. तो आनंद कुठून येतो ते मला माहीत आहे, म्हणून तर तो नीट घेता येत नाही.

आम्ही भाडेकरू होतो. म्हणजे साधे नाही, पेठेतल्या वाड्यातले.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या खोलीत होतं नव्हतं ते गेलं, तेव्हा आजोबा आजीला आणि माझ्या वडिलांना घेऊन या वाड्यात आले. दोन खण जागा, पुढे वीतभर ओसरी, चौकात सामाईक नळ. भाडं २२ रुपये. वाड्याचे मालक नाना वर माडीवर राहायचे. त्या २२ रुपयांत आत्याचं लग्न झालं, वडिलांचं झालं, आम्ही दोघं भावंडं जन्मलो, शिकलो आणि माझंही लग्न ठरलं. भाडं तेवढंच राहिलं. १९४७चा भाडे नियंत्रणाचा कायदा आमच्या पाठीशी होता आणि तो किती पाठीशी आहे हे वडिलांना नोकरीतल्या नियमांपेक्षा चांगलं पाठ होतं. भाडेपावत्या तारेला टोचून ठेवलेल्या असायच्या, जुन्या खाली, नव्या वर. मधली काही वर्षं नाना भाडं घेईनासे झाले. त्यांना धाकट्या मुलासाठी जागा हवी होती आणि कोर्टात दावा चालू होता. तेव्हा वडील दर महिन्याला २२ रुपयांची मनीऑर्डर करायचे. पोस्टमन ती पोस्टातून आणायचा, जिना चढून वर जायचा, नाना नाकारायचे, पोस्टमन शेरा मारून खाली यायचा आणि पैसे आमच्याच हातात परत द्यायचा. वीस पायऱ्या वर आणि वीस पायऱ्या खाली. 'घेण्यास नकार' शेऱ्याच्या त्या पावत्या वडिलांनी वेगळ्या तारेला लावल्या होत्या. त्या जास्त महत्त्वाच्या.

शेवटी दाव्याचं काहीच झालं नाही, तो थकून मिटला. नाना पुन्हा भाडं घेऊ लागले. मग नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीचा हक्क मिळाला. बावीस रुपयांचे चार टक्के म्हणजे ८८ पैसे. मी तेव्हा माहेरी आले होते, म्हणून हा प्रसंग डोळ्यांसमोर आहे. नाना खाली आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "आता बावीस रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे." वडिलांनी २३ रुपये काढून दिले. नाना पावती लिहू लागले तर वडील म्हणाले, "बारा पैसे आगाऊ, असं लिहा." नानांनी वर बघितलं. चष्मा सारखा केला. आणि लिहिलं. 'बारा पैसे आगाऊ.' ती पावती आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं विनोद म्हणून काढली जायची, भाऊ तर नानांचा आवाज काढून वाचायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

नानी एकदा आईला चौकात म्हणाल्या होत्या, "तुमच्या सगळ्यांच्या भाड्यात माझी एक ओळ कौलं बदलत नाहीत हो." आईने घरात येऊन ते वाक्य नानींच्या ठसक्यात म्हणून दाखवलं होतं. त्या पावसाळ्यातही आमच्या स्वयंपाकघरात तीन ठिकाणी भांडी ठेवलेली होती: पातेलं, बादली आणि कोपऱ्यात एक वाटी. मालक दुरुस्ती करत नाही म्हणून आम्ही नानांना शिव्या घालायचो आणि भाडं मिळत नाही म्हणून नाना आम्हाला. पाणी दोघांच्याही डोक्यावर गळायचं, उलट त्यांच्या आधी गळायचं, कारण ते वर होते.

न्हाणीघराच्या ओलीचं काम करणाऱ्या माणसाने मला १४ हजार सांगितले. फरशी उखडायची, वॉटरप्रूफिंग करायचं, पुन्हा फरशी. मी पटकन मनात म्हटलं, म्हणजे एक महिन्याचं भाडं गेलं. आणि त्यासरशी मला नानींच्या त्या वाक्यातला 'हो' ऐकू आला. इतक्या वर्षांत आम्ही सगळ्यांनी त्यांची नक्कल करताना तो 'हो' खोडसाळ काढायचो. तो तसा नव्हताच. काकुळतीचा होता.

पण मला सांगायचंय ते इस्त्रीचं. वाड्यात मीटर नानांचा एकच. आमच्या वाट्याला दोन दिवे आणि एक पंखा, त्याचे महिन्याला वेगळे पैसे. इस्त्री, शेगडी असलं काही लावायची सक्त मनाई. वडिलांच्या ऑफिसात कुणाकडून तरी जुनी इस्त्री मिळाली होती आणि आई ती दुपारी, नाना झोपले की, दिव्याच्या होल्डरला लावायची. मी नऊ-दहा वर्षांची असेन. माझा शाळेचा फ्रॉक इस्त्रीखाली होता आणि जिन्यावर नानांच्या वहाणा वाजल्या. आईने वायर ओढली, गरम इस्त्री उचलली आणि कुठे ठेवावी न सुचून गाद्यांच्या चवडीत, गोधडीच्या घडीत सारली. नाना दारात आले. काय काम होतं ते आठवत नाही, नळाचं काहीतरी. ते बोलत होते आणि घरात करपल्याचा वास पसरत होता. आधी बारीक, मग चांगलाच. आई त्यांच्याशी नळाबद्दल बोलत होती, चेहऱ्यावर माशीही हलू न देता. मी गाद्यांना पाठ लावून उभी होते आणि पाठीला ऊब लागत होती. नाना बोलता बोलता थांबले. नाक जरा वर केलं. "काहीतरी लागलंय वाटतं तुमचं, भात वगैरे," म्हणाले आणि जिना चढून गेले. चुलीवर काहीच नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते. गोधडीला इस्त्रीच्या आकाराचं तपकिरी भोक पडलं, त्याला आईने नंतर फुलाचं ठिगळ लावलं. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात ठरून गेलं की नाना बावळट आहेत, त्यांना साधा वास कळत नाही.

त्यांना कळला होता. चाळीस वर्षांनी, धायरीतल्या एका हॉलमध्ये, हातात चहाचा कप घेऊन एका खिळ्याकडे न बघण्याची खटपट करताना मला ते समजलं. ते उदार वगैरे होते असं माझं म्हणणं नाही. चारच वर्षांनी त्यांनी आमच्यावर दावा लावला. पण त्या दुपारी दारात उभं राहून त्यांनी भाताचं नाव घेतलं.

वाडा पुढे बिल्डरने घेतला. नाना तोवर नव्हते. जुन्या भाडेकरूंना जागेच्या बदल्यात जागा नाहीतर रोख, असं होतं. आम्ही रोख घेतली, कारण भावाला आणि मला दोन खण वाटून घेता आले नसते. बावीस रुपये भाडं भरणाऱ्या माणसाच्या वारसांना जागा सोडण्याचे २२ लाख मिळाले. ११ भावाला, ११ मला. माझे बँकेत मुदतठेवीत वाढत राहिले आणि २०२३ मध्ये तेच पैसे धायरीच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट झाले. म्हणजे आम्ही जागा सोडली नाही, त्या न सोडण्याच्या पैशातून मी मालकीण झाले. आणि पहिलं काम काय केलं, तर आपला भाडेकरू जागा सोडेल याची पक्की तजवीज.

"भाडेकरू म्हणायचं नाही मॅडम," एजंटने पहिल्याच दिवशी मला दुरुस्त केलं होतं. "लायसन्सी म्हणायचं." भाडेकरू म्हटलं की हक्क आला, लायसन्सी म्हणजे नुसती राहायची परवानगी. १९७३ साली सरकारने कायदा बदलून १ फेब्रुवारीला जे कोणी लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरू करून टाकलं, त्याची धास्ती त्यानंतर जन्मलेल्या एजंटांनाही आहे. म्हणून अकरा महिने, म्हणून दर वेळी नवा करार. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची, नाहीतर दंड किंवा कैदही होऊ शकते. ही कैदेची गोष्ट कळल्यावर मी दोन रात्री नीट झोपले नव्हते. नोंदणी मात्र घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप आणि काडेपेटीएवढं अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, भिंतीपुढे बसवून फोटो काढतो. मुद्रांक जेमतेम पाचशेच्या घरात, नोंदणीचे १०००, बाकी एजंटची फी. सगळं अर्ध्या तासात. पोलिसांकडे माहिती भरायची ती पण मोबाईलवरून. त्याआधी सेक्रेटरींनी विचारलं होतं, "फॅमिलीच आहे ना? बॅचलर नकोत." मी अभिमानाने म्हटलं, "हो, फॅमिली, लातूरकडची, नवरा नऱ्ह्यात कंपनीत आहे." आणि मी स्वतः त्यांना घर दाखवताना काय विचारलं? "पाहुणे वगैरे फार येतात का?" हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर मला ते ओळखीचं वाटलं. पाणी टँकरचं असतं, पैसे सोसायटी भरते, म्हणून विचारलं, असं मी नवऱ्याला नंतर सांगितलं. त्याने मला काही विचारलं नव्हतं.

अकरा महिने संपत आले. वॉटरप्रूफिंग झालं, त्याचे चार दिवस त्यांनी शेजारच्या न्हाणीघरात अंघोळी काढल्या, कुरकुर न करता. भाडं किती वाढवायचं यावर घरी दोन दिवस चर्चा चालली. ५ टक्के रीतच आहे, एजंट म्हणाला. सोसायटीत आता सतरा चालू आहे, असंही म्हणाला. मी म्हटलं, न वाढवता तेवढंच ठेवलं तर? नवरा वहीकडे बोट दाखवून गप्प बसला. मी विचार केला, चांगली माणसं आहेत, वेळेवर पैसे देतात. मग विचार केला, नानांनीही आमच्याबद्दल असाच विचार कधीतरी केला असेल, १९६१ मध्ये. मग हप्त्याचा मेसेज आला.

परवा नव्या कराराला गेलो. या वेळी आधी फोन करून गेलो, तरीही जिना चढताना मी मुद्दाम चपला वाजवल्या. एजंट आधीच पोचला होता आणि टीपॉयवर लॅपटॉप उघडून बसला होता. मी म्हटलं, "ते खिळ्यांचं कलम काढून टाका." तो न बघताच म्हणाला, "राहू द्या मॅडम, फॉरमॅट आहे तो. कोण वाचतं?" तिचा नवरा संकोचून हसला, "राहू द्या की मॅडम. आमी कुठं खिळे ठोकतोय." ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोरगं यंत्राच्या लाल दिव्याकडे बघत "मी पण अंगठा देऊ?" असं धोशा लावून बसलं होतं.

मी उठून खिडकीशी गेले, उगाच, बाहेर टँकर लागला होता तो बघायला. तिथून ती भिंत हाताच्या अंतरावर होती. खिळा नव्हता. त्याच्या जागी हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा ठिपका होता, बाकीच्या भिंतीपेक्षा जरा जास्तच पांढरा. ओरखडाही कुणीतरी ओल्या फडक्याने पुसायला गेलं होतं, त्यामुळे तो अर्धगोल आता आणखी उठून दिसत होता. मी वाकले तर पुदिन्याचा वास आला. टूथपेस्ट. भोक बुजवायला भरलेली, बोटाने सपाट केलेली. मी अंगठा लावून बघितला. वरून सुकली होती, आत अजून मऊ होती.

"सोळा हजार दोनशे टाकू ना मॅडम?" एजंटने विचारलं.

मी हो म्हटलं. नवऱ्याने मान हलवली. तिच्या नवऱ्यानेही मान हलवली, आधीच ठरलं होतं. मग सगळ्यांचे फोटो झाले, त्याच भिंतीपुढे, एकेकाला उभं करून. तिचा झाला तेव्हा तो ठिपका तिच्या खांद्यामागे लपला. मग अंगठे. तिच्या नवऱ्याचा पहिल्या फटक्यात लागला. माझा लागेना. एकदा लाल, दुसऱ्यांदा लाल.

"अंगठा पुसून घ्या मॅडम," एजंट म्हणाला, "काहीतरी पांढरं लागलंय."

ती दारातून बघत होती. मी ओढणीला अंगठा पुसला आणि पुन्हा ठेवला.